आपला कागद आपण वाचावा
(माजी सैनिक व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज वर्गात नेहमीची मंडळी आहेत, आणि वाड्यावस्त्यांवरचे माजी सैनिकही आले आहेत. म्हणून आज आपण धडा बाजूला ठेवू. आज एका कागदाविषयी बोलू. त्याचे नाव डिस्चार्ज बुक.

फौजेतून सुटताना जवानाला हे पुस्तक मिळते. त्यात त्याचा नंबर, नाव, हुद्दा, भरती झाल्याची आणि सुटल्याची तारीख लिहिलेली असते. मिळालेली मेडलेही लिहिलेली असतात. बहुतेक घरांत हे पुस्तक ट्रंकेच्या तळाशी असते. पेन्शनीच्या कामाला एकदा बाहेर निघते आणि पुन्हा आत जाते. साहेब ते बघतो, कारकून बघतो. ज्याचे आहे तो मात्र ते उघडत नाही.

यामुळे काय होते? ऐका.

आमच्या एका वर्गाला एक आजी येत. त्यांचे मालक फौजेत हवालदार होते. आपल्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला सगळे गाव 'मेजर' म्हणते, तसे त्यांनाही म्हणत. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हा ते पूर्व आघाडीवर होते. तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या मांडीत घुसला. लष्करी इस्पितळात त्यांनी तीन महिने काढले. पुढे त्यांना पूर्वी स्टार मिळाला, संग्राम मेडलही मिळाले. पण एक मेडल आले नाही.

शत्रूच्या माऱ्यात जो जखमी होतो, त्याला सरकार पराक्रम पदक देते. जवान त्याला वूंड मेडल म्हणून ओळखतात. ते १९७३ साली सुरू झाले, आणि १९७१ च्या लढाईतल्या जखमी जवानांनाही मिळाले. मेजरांच्या सोबत्यांना मिळाले. मेजरांना नाही.

दोन वेळा ते कचेरीत जाऊन आले. "तुमच्या नावावर जखमेची नोंद नाही," असे उत्तर मिळाले. ते तोंडीच विचारीत, उत्तरही तोंडीच मिळे. शेवटी त्यांनी नाद सोडला. मग एका सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी कोणीतरी बोलून गेले, "जखमी झालो म्हणतात, मग बिल्ला कुठाय?" त्या दिवसापासून मेजर झेंडावंदनाला जाईनासे झाले. मांडीवरची खूण काय लोकांना उघडी करून दाखवायची?

आजी तेव्हा नुकत्याच इंग्रजी आकडे शिकल्या होत्या. एसटीचा नंबर आणि फोनचा नंबर वाचता यावा, एवढाच त्यांचा हेतू. घरी सराव करायला त्यांनी ट्रंकेतले कागद काढले. डिस्चार्ज बुक आणि इस्पितळाची जुनी चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर मेजरांचा नंबर होता. पुस्तकात एका जागी तीन होते, चिठ्ठीत त्याच जागी आठ. इंग्रजी तीन आणि आठ दिसायला जवळचे. घाईने लिहिले की एकाचे दुसरे होते.

मेजरांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, "एवढ्या साहेबांनी बघितलं, तुलाच काय दिसलं?"

आजी म्हणाल्या, "साहेबांनी पान बघितलं. मी एकेका आकड्यावर बोट ठेवून बघितलं."

मंडळी, फौजेचे दप्तर कसे चालते ते समजून घ्या. जवानाच्या बाबतीत काही घडले, लग्न झाले, मूल झाले, बढती मिळाली, जखम झाली, तर त्याचा लेखी हुकूम निघतो. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. तो हुकूम त्याच्या रेकॉर्ड ऑफिसात जातो आणि त्याच्या कागदावर चढतो. आता लाखो जवानांत एकाच नावाचे कितीतरी असणार. म्हणून दप्तर नंबर बघते. नंबर चुकला की नोंद दुसरीकडे जाते. जखम मेजरांना झाली, पण कागदावर ती त्यांची राहिली नाही.

मग आम्ही मेजरांबरोबर बसून अर्ज लिहिला. एकच पान. त्यात कोणाला दोष दिला नाही. 'असे लिहिले आहे, असे असायला हवे, पुरावा हा,' एवढेच लिहिले. इस्पितळाच्या चिठ्ठीची नक्कल जोडली. सुटताना झालेल्या डॉक्टरी तपासणीचा कागद जोडला, त्यात मांडीवरचा व्रण लिहिलेला होता. मग साक्षीदार शोधायला निघालो. मेजरांच्या तुकडीतले दोघे जण त्यांना आठवत होते. एक शेजारच्या जिल्ह्यात भेटले. त्यांनी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून दिले. दुसऱ्यांच्या घरी पोचलो, तेव्हा त्यांचे तेरावे होऊन गेले होते. त्यांनीच मेजरांना पाठीवर घालून मागे आणले होते. ती साक्ष त्यांच्याबरोबर गेली.

तरी काम झाले. आठ महिन्यांत एक पत्र आले, आणखी एक कागद मागितला. तो दिला. मग नंबर दुरुस्त केल्याचे आणि जखमेची नोंद चढवल्याचे पत्र आले. मेडल यायला त्यानंतरही बराच काळ गेला. मेजरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते पत्र त्यांनी आजींकडून दोनदा वाचून घेतले.

असे आपल्याच देशात होते असे समजू नका. अमेरिकेच्या फौजेत पॅरिस डेव्हिस नावाचे एक कॅप्टन होते. ते कृष्णवर्णीय. १९६५ च्या जूनमध्ये व्हिएतनाममध्ये बाँग सन या भागात मोठी चकमक झाली. डेव्हिस स्वतः जखमी झाले. माघारीचा हुकूम आला, तरी आपली जखमी माणसे बाहेर काढल्याशिवाय ते हटले नाहीत. त्यांना मेडल ऑफ ऑनर द्यावे, अशी शिफारस वरिष्ठांनी केली. हे त्या देशाचे सर्वांत मोठे शौर्यपदक. पण शिफारशीचे कागद हरवले. १९६९ साली चौकशी झाली, तेव्हा फाईल सापडली नाही. कागद पुन्हा तयार केले, ते पुन्हा गहाळ झाले. त्यांचे सोबती आणि काही कार्यकर्ते मात्र थांबले नाहीत. जुन्या साक्षी गोळा करून त्यांनी नव्याने फाईल उभी केली. शेवटी ३ मार्च २०२३ रोजी ते पदक डेव्हिस यांना मिळाले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. मध्ये जवळजवळ ५८ वर्षे गेली. केवढा मोठा देश, केवढी दप्तरे! पण पुढे रेटणारा माणूस असला तरच कागद हलतो.

इथे एक फरक ध्यानात घ्या. शौर्याचे पदक अर्ज करून मागता येत नाही. त्याला वरिष्ठांची शिफारस लागते. पण लढाईत हजर असल्याचे मेडल आणि जखमेचे मेडल नियमाने मिळते. तुम्ही नियमात बसत असाल, तर ते मागणे म्हणजे भीक नव्हे. उलट, न केलेल्या गोष्टीचे मेडल मागणे हे पाप आहे. तसे कोणी करू नये. बाजारातही बिल्ले मिळतात. पण सरकारी मेडलाच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरण्याची रीत आहे. बाजारच्या बिल्ल्यावर तुमचे नाव कोठून येणार?

आता काय करायचे ते सांगतो.

पहिले म्हणजे घरातले सगळे जुने कागद एकत्र काढा. नंबर, नाव, जन्मतारीख, भरतीची तारीख, पत्नीचे नाव आणि मेडले, एवढे प्रत्येक कागदावर ताडून बघा. इंग्रजी अक्षरेही बघा. आपला जाधव एका कागदावर एका तऱ्हेने लिहितात, दुसऱ्यावर दुसऱ्या. हा फरक पुढे विधवा बाईला पेन्शनीच्या वेळी नडतो.

दुसरे, आपले रेकॉर्ड ऑफिस कोणते ते माहीत करून घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. तोफखान्याचे नाशिक रोडला. बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला. रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला. अर्ज तेथे जातो. लिहायला मदत हवी असेल, तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तेथे कल्याण संघटक असतात. दलालाला एक पैसाही देऊ नका.

तिसरे, मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. नक्कल पाठवा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. आपल्या नोंदीची प्रत हवी असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती मागता येते. अर्जाला १० रुपये फी पडते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज नामंजूर झाला, तरी वाट संपत नाही. फौजेच्या नोकरीच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत बसते. नामंजुरीचा शेवटचा हुकूम हाती आल्यापासून सहा महिन्यांत तेथे जावे लागते. म्हणून हुकूम कोणत्या तारखेला मिळाला, ते लिहून ठेवा.

चौथे, उशीर करू नका. ज्यांना पेन्शन नाही, अशा जवानांचे बरेचसे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. मागे लाँग रोल नावाची नोंदवही राहते, पण तीत सगळे नसते. आणि माणसे तर त्याआधीच जातात. ज्यांनी तुम्हाला लढताना पाहिले, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना भेटा. जे पाहिले ते त्यांच्याकडून लिहून, सही करून घ्या.

भगिनींनो, शेवटचे सांगणे तुम्हाला. मालक फौजेत होते, हे काम त्यांचे, असे म्हणू नका. त्या आजी पलटणीत नव्हत्या. त्यांना दहा आकडे येत होते, एवढेच. तेवढ्यावर, इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानी न आलेली गोष्ट त्यांनी शोधली. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात, आकडे शिकला आहात. आज रात्री जेवणे झाली की ट्रंक उघडा. ते पुस्तक काढा आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचा. काही चुकले असे वाटले, तर उद्या संध्याकाळी ते वर्गात घेऊन या. आपण मिळून अर्ज लिहू.

जय हिंद.