ऑपेरा ऐकताना : तीन रचनांचा परिचय

(शाब्बाथ संपल्यानंतरच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून तयार केलेला मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही ज्येष्ठांनी मला प्रेमानेच विचारले, की ऑपेराशी आपला संबंध काय? तो युरोपातून आलेल्यांचा शौक. आपण कोकणातली माणसे, आपले कान अभंगावर आणि नाट्यपदावर वाढले. प्रश्न रास्त आहे. मात्र माझे उत्तर उलट्या दिशेने जाते. ज्या कानांनी संगीत नाटक ऐकले, त्यांना ऑपेरा परका वाटण्याचे कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्र पदांच्या नादात होता. त्याच सुमारास मुंबईतील आपल्या समाजाने कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने बसवली. ओवी, साकी, दिंडी हे छंद महाराष्ट्राचे आणि कथा तोराची. गायनातून पवित्र कथा सांगणे ही गोष्ट आपल्या पणजोबांना कोणी युरोपात जाऊन शिकवली नव्हती.

ऑपेरा या इटालियन शब्दाचा साधा अर्थ ‘कृती’ असा आहे. त्यात संवादसुद्धा बहुधा गायले जातात. कथा पुढे सरकवणारे बोलण्याजवळचे गायन एका प्रकारचे, आणि कथा थांबवून मनातले उलगडणारे गाणे दुसऱ्या प्रकारचे. त्या दुसऱ्याला आरिया म्हणतात. कीर्तनकार निरूपण करता करता मध्येच पद धरतो, तसेच हे समजावे. फरक मोठा आहे तो मोकळिकीत. आपला नट ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद नव्या तानांनी पुन्हा रंगवी. ऑपेराच्या गायकासमोर स्वर लिहिलेला असतो आणि त्याच्या पायाशी साठ-सत्तर वादकांचा ताफा बसलेला असतो. त्या ताफ्यावरून ध्वनिवर्धकाशिवाय आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे, हे त्या गायकीचे मुख्य तप. भाषेची अडचण आता उरलेली नाही. 1983 साली टोरांटोमध्ये रंगमंचाच्या वर भाषांतर दाखवण्याची प्रथा सुरू झाली आणि ती जगभर पसरली. तेल अवीवच्या ऑपेरागृहात आपल्याला हिब्रू भाषांतर वाचता येते.

या कलेच्या उगमापाशीही आपली माणसे उभी आहेत. माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ 1607 साली मांतुआच्या दरबारात झाला. आजही नियमाने सादर होणाऱ्या ऑपेरांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याच दरबारात सालामोने रोस्सी नावाचा यहुदी संगीतकार चाकरीला होता. त्याने पुढे हिब्रू स्तोत्रांना अनेक आवाजांची चाल दिली आणि तो संग्रह व्हेनिसमध्ये छापला. मोत्सार्टच्या तीन थोर इटालियन ऑपेरांची संहिता लिहिणारा लोरेन्त्सो दा पोंते हा जन्माने यहुदी होता. घराण्याने धर्म बदलला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. या दोघांवर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. आज मला तीन रचनांविषयी बोलायचे आहे.

पहिली व्हेर्दीची ‘नाबुक्को’. नाबुक्को म्हणजे आपला नबुखद्नेस्सर, यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त करून आपल्या पूर्वजांना बाबेलला नेणारा राजा. 9 मार्च 1842 रोजी मिलानच्या ‘ला स्काला’ रंगमंदिरात तिचा पहिला प्रयोग झाला. व्हेर्दी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याआधीच्या थोड्याच वर्षांत त्याची मुलगी, मुलगा आणि पत्नी एकामागून एक गेली होती, आणि त्याचा आधीचा ऑपेरा पडला होता. तिसऱ्या अंकात फरात नदीच्या काठी बंदिवान इब्री आपल्या देशाची आठवण काढतात. हे समूहगान 137 व्या स्तोत्राच्या आधाराने लिहिले आहे. आपण ते ओठांवर घेऊन वाढलो आहोत, म्हणून ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. शब्द विलापाचे आहेत, पण चाल विलापाची नाही. ती संथ, रुंद, जवळजवळ अंगाईसारखी आहे. आणि सारा समूह बराच वेळ एकाच स्वरात गातो, निरनिराळ्या आवाजांची गुंफण न करता. आपल्याकडे भजनात सारी मंडळी एकच ओळ धरते, तसे. इटलीवर तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता होती. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी या गाण्याला ‘वन्स मोअर’ देऊन ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना आव्हान दिले, अशी कथा पुस्तकांतून सांगितली जाते. अभ्यासकांनी त्या काळची वृत्तपत्रे तपासली तेव्हा दिसले, की पुन्हा गायला लावले गेले ते हे गाणे नव्हे, तर शेवटी इब्री लोक यहोवाचे स्तवन करतात ते. मला तरी खरी हकीकत कथेपेक्षा अधिक गोड वाटते. 1901 साली व्हेर्दीचा देह कायमच्या विश्रांतिस्थळी नेताना मात्र तोस्कानिनीच्या हाताखाली शेकडो गायकांनी बंदिवानांचेच गाणे म्हटले. आणि 2010 च्या जूनमध्ये मसादाच्या पायथ्याशी, उघड्या वाळवंटात, ‘नाबुक्को’ झाली.

आता दुसरी रचना, जिच्यासाठी मी खरे तर हे व्याख्यान पत्करले. ‘ला ज्युईव्ह’, म्हणजे ‘यहुदी स्त्री’. संगीतकार फ्रोमांताल हालेवी, संहिता युजीन स्क्रीबची, पहिला प्रयोग पॅरिसच्या ऑपेरात 23 फेब्रुवारी 1835 रोजी. आडनावावरून ओळखलेच असेल. हालेवीचे वडील हझान होते आणि हिब्रूत लिहीत असत. हालेवीने स्वतःही सिनेगॉगसाठी स्तोत्रांना चाली दिल्या. पुढे ‘कार्मेन’ रचणारा बिझे हा त्याचा शिष्य आणि जावई, आणि ‘कार्मेन’च्या दोन संहिताकारांपैकी एक त्याचा पुतण्या.

कथा 1414 सालच्या कॉन्स्टान्स शहरातली आहे. एलेआझार हा यहुदी सोनार आणि राहेल ही त्याची कन्या. दुकानात कामाला असलेल्या शमुएल नावाच्या तरुणावर तिचे प्रेम आहे. तो वास्तविक लेओपोल्द नावाचा ख्रिस्ती राजपुत्र आहे, विवाहित आहे, आणि वेष पालटून आला आहे. दुसरा अंक उघडतो तो सेदेरच्या रात्री. एलेआझार प्रार्थनेची ओळ गातो आणि मेजाभोवतीचे सारे ती उचलतात; वादकांचा ताफा जवळजवळ गप्प आहे. हझान आणि मंडळी यांच्यातली देवाणघेवाण ज्याने लहानपणी रोज ऐकली, त्यालाच हे सुचू शकते. पॅरिसच्या त्या झगमगत्या रंगभूमीवर, जिथे पहिल्या अंकात खरे घोडे आणि चिलखते आणली होती, तिथे अचानक एक बंद खोली, मंद दिवे आणि बेखमीर भाकर. एलेआझार प्रत्येकाला तुकडा देतो. लेओपोल्द तो तोंडात न घालता हळूच टाकून देतो. राहेल ते पाहते. मग दारावर थाप पडते आणि मेज लगबगीने आवरले जाते. ती थाप कसली असेल, हे प्रेक्षकांतल्या ख्रिस्ती मंडळींना कदाचित समजले नसेल. हालेवीला समजत होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. लेओपोल्द कोण हे राहेलला कळते, ती भर सभेत त्याला उघडे पाडते, आणि यहुदी स्त्रीशी ख्रिस्ती पुरुषाचा संबंध या अपराधासाठी तिघांनाही मृत्युदंड फर्मावला जातो. कार्डिनल ब्रोन्यी एलेआझारला म्हणतो, धर्म सोड, जीव वाचेल. एलेआझार नकार देतो आणि त्याला एक गोष्ट ऐकवतो. पुष्कळ वर्षांपूर्वी रोममध्ये ब्रोन्यीचे घर जळाले आणि त्याची तान्ही मुलगी गेली असे सर्वांनी मानले. ती गेली नाही. एका यहुद्याने तिला उचलून नेले आणि ती जिवंत आहे. कोण, कुठे, हे एलेआझार सांगत नाही. श्रोत्यांना तोवर उमगलेले असते, की ती मुलगी राहेलच आहे.

चौथ्या अंकाचा शेवट हे या ऑपेराचे हृदय. एलेआझार एकटा उरतो. त्याने एक शब्द बोलावा, की राहेल वाचेल; पण मग ती त्याची राहणार नाही, आणि ज्यांनी त्याची मुले मारली त्यांच्यातली होईल. न बोलावा, तर तिला मारणारा तोच. येथे मोठा समूहप्रसंग योजलेला होता. एलेआझारची भूमिका करणाऱ्या नूरी या गायकाने सुचवले, की अंक एकट्या बापाच्या गाण्यावर संपावा. त्यामुळे ही आरिया जन्माला आली. मोठमोठ्या गायकांनी ती कसोटी मानली. कारुसोने आयुष्यातला शेवटचा प्रयोग केला तो याच भूमिकेचा, 24 डिसेंबर 1920 रोजी न्यूयॉर्कमध्ये. पाचव्या अंकात एलेआझार राहेलला विचारतो, की ख्रिस्ती होऊन जगशील का? ती नाही म्हणते. पण तू कोणाची मुलगी, हे तो तिला सांगत नाही. ती मृत्यूच्या कढईत पडते त्या क्षणी तो ब्रोन्यीला बोट दाखवून सांगतो, की ती बघ तुझी मुलगी.

सभेपूर्वी एका सदस्यांनी मला गंभीरपणे विचारले, की अशी गोष्ट आपण आपल्या मुलांना का दाखवावी? सूडाने आंधळा झालेला, पैशावर डोळा असलेला यहुदी बाप. हे तर आपल्या शत्रूंनी काढलेले चित्र आहे. या आक्षेपातले तथ्य मी नाकारत नाही. स्क्रीबच्या संहितेत ते चित्र आहेच. दुसऱ्या अंकात राजकन्या दागिना विकत घ्यायला येते तेव्हा एलेआझार पैसे मोजण्याच्या आनंदाचे गाणे गातो, आणि तिथे मलाही अवघडल्यासारखे होते. राहेलला सत्य न सांगण्याचे समर्थनही मी करणार नाही. ज्या मुलीला आपण नकाराचा अधिकार देतो, तिला तो कशाच्या जागी आहे हे कळायला हवे होते. पण ऑपेरा वाचायचा नसतो, ऐकायचा असतो. संहितेने एलेआझारला कठोर केले, आणि संगीताने त्याला सेदेरच्या मेजावरचा तो स्वर दिला, चौथ्या अंकातला तो हुंदका दिला. ब्रोन्यीचा मंद्र आवाज सुंदर आहे, पण दया मागणाऱ्या या सत्ताधाऱ्याजवळ देण्यासारखी एकच वस्तू आहे : शरणागती. हे संगीत ऐकून घरी जाणारा श्रोता एलेआझारचा निवाडा सहजासहजी करू शकत नाही. शब्द आरोप ठेवतात आणि सूर साक्ष फिरवतात, असा हा खटला आहे. हझानाच्या मुलाला 1835 च्या पॅरिसमध्ये एवढेच करता येण्यासारखे होते, आणि त्याने ते सर्वांसमोर केले.

वागनरविषयी प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. यहुदी संगीतकारांचा द्वेष करणाऱ्या या माणसाने हालेवीची स्तुती केली होती, एवढे सांगून पुढे जातो. त्याचे ऑपेरा या देशात रंगमंचावर होत नाहीत, आणि त्या वादाला आज वेळ नाही.

तिसरी रचना तुलनेने नवी आणि फार लहान, सुमारे एका तासाची : ‘अटलांटिसचा सम्राट’. टेरेझीनच्या छावणीत व्हिक्टर उलमन या संगीतकाराने ती 1943-44 मध्ये रचली. संहिता पेटर कीन या तरुण चित्रकार-कवीची. वाद्ये तेराच; त्यांत हार्मोनियम आहे आणि बँजोही. छावणीत जे वाजवणारे हाताशी होते, त्यांच्यासाठी हे लिहिले गेले. गोष्ट अशी, की एक सम्राट सर्वांविरुद्ध सर्वांचे युद्ध पुकारतो. मृत्यू हा जुन्या वळणाचा वृद्ध सैनिक आहे. यंत्रासारख्या या कत्तलीने त्याचा अपमान होतो आणि तो संप पुकारतो. आता कोणीच मरेना. फाशी दिलेले मरत नाहीत, जखमी मरत नाहीत, आणि समोरासमोर आलेले दोन शत्रू, एक सैनिक व एक मुलगी, लढायचे सोडून एकमेकांच्या प्रेमात पडतात. अखेर सम्राट मृत्यूची विनवणी करतो. मृत्यू परत यायला तयार होतो, एका अटीवर : पहिला बळी सम्राटाचा.

सम्राटाच्या आज्ञा पुकारल्या जातात तेव्हा जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल वाकडी होऊन ऐकू येते, आणि मृत्यूला उलमनने सर्वांत कोमल स्वर दिले आहेत. 1944 मध्ये तालमी झाल्या, पण प्रयोग झाला नाही. ऑक्टोबरमध्ये उलमन आणि कीन या दोघांनाही आउशवित्सला पाठवण्यात आले आणि ते परत आले नाहीत. जाण्यापूर्वी उलमनने आपली हस्तलिखिते छावणीतल्या एका सोबत्याकडे ठेवली. तो वाचला, म्हणून कागद वाचले. पहिला प्रयोग व्हायला 1975 चा डिसेंबर उजाडला, आम्स्टरडॅममध्ये.

आपल्या देशातली हकीकतही दोन वाक्यांत. 1923 साली मोर्देखाय गोलिनकिन यांनी तेल अवीवमध्ये ‘ला त्राव्हियाता’ हिब्रूत केला, तोही चित्रपटगृहात, कारण ऑपेरागृह नव्हते. 1962 ते 1965 या काळात प्लासिदो दोमिंगो हा तेव्हाचा अननुभवी तरुण तेल अवीवच्याच रंगमंचावर घडला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी प्रथम ‘नाबुक्को’चे ते पाच मिनिटांचे समूहगान ऐकावे, घरात, शांतपणे, दोनदा. ‘सम्राट’ एका बैठकीत पूर्ण ऐकावा. ‘ला ज्युईव्ह’ मात्र लांब आहे, तेव्हा पेसाहपूर्वीच्या बैठकीत तिचा दुसरा अंक आपण येथेच ऐकू आणि त्याचा मराठी सारांश मी प्रत्येकाच्या हाती देईन. एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या कीर्तनाच्या वह्या असतील, मोशेचे आख्यान असेल, तर त्या दिवशी सोबत आणाव्यात. पाने जीर्ण झाली असतील तर वही उघडू नका, कापडात गुंडाळून आणा. चाली आठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्याजवळ ठेवू.