कुंडीची वात



वैशाखात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. आपण माहेरी निघतो आणि घरातल्या कुंड्या मागे तहानेने सुकतात. तुळशीवर गळती टांगण्याची आपली रीत जुनीच. घरातल्या कुंड्यांना वात लावावी.

पाण्याने भरलेली बादली पाटावर, कुंडीच्या उंचीला ठेवावी. जुन्या, धुतलेल्या सुती लुगड्याची वात वळून भिजवावी. एक टोक बादलीच्या तळाशी सोडावे, दुसरे मातीत चार बोटे पुरावे. समईत वात तेल ओढते, तशीच ही पाणी ओढते. बादली झाकावी, म्हणजे डास होत नाहीत.

मात्र निघण्यापूर्वी चार दिवस पारख करावी. चिखल झाला तर वात बारीक करावी, माती कोरडी राहिली तर जाड. परतल्यावर हिरवे रोप दिसले, की प्रवासाचा शीण जातो.