पदर घेतलेली मारिया

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती चित्रकार नंदलाल बोस यांनी 1909च्या सुमारास केल्या. पुढे शांतिनिकेतनात ते शिकवू लागले. त्यांच्याकडे आणि अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकला एक गोमंतकीय ख्रिस्ती तरुण, आंजेलो द फोन्सेका.

1902मध्ये गोव्यात जन्मलेल्या फोन्सेकांची येशूवर गाढ श्रद्धा होती. येशू सगळ्यांचा असेल, तर तो आपल्या माणसांसारखा का दिसू नये? त्यांच्या कुंचल्याने या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यांच्या चित्रांतली येशूची आई मारिया साडी नेसते, डोक्यावर पदर घेते. तिचा रंग सावळा, नजर खाली झुकलेली. जलरंगाचे पातळ थर आणि वळणदार रेषा यांमुळे आपल्याच घरातली एखादी आई बाळाला घेऊन बसली आहे, असं वाटतं.

युरोपीय धाटणीच्या मूर्तींची सवय असलेल्या गोव्यातल्या अनेकांना हे रुचलं नाही. टीका झाली, पण फोन्सेका डगमगले नाहीत. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून ते चित्रं काढत राहिले. चित्र काढणं हीच त्यांची उपासना होती. 1967मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राने त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह जपला.

श्रद्धा परकी नसते, ती आपल्या मातीचा रंग घेते, हे फोन्सेकांनी दाखवून दिलं. त्यांची चित्रं आवर्जून पाहा.