माइक बंद ठेवणाऱ्या मुली



व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा नाद, असं आपण सहज म्हणून जातो. पण ‘रिव्हर रेड’ नावाचा १९८२ सालचा एक खेळ आहे. नदीवरून विमान न्यायचं, वाटेतले पूल उडवायचे, मधूनमधून इंधन भरून घ्यायचं. तो रचला कॅरल शॉ या अमेरिकन बाईंनी. अख्ख्या खेळाला जागा मिळाली चार किलोबाइट. आज मोबाइलवरचा साधा फोटोही याच्या शेकडो पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत नदीचा नकाशा मावणार कुठून? म्हणून बाईंनी तो साठवलाच नाही. विमान पुढे जाईल तसतशी गणितानं नदी तयार होत जाईल, अशी सोय केली. आणि गंमत म्हणजे, दर वेळी ती त्याच जागी तशीच वळते!

त्याआधी शॉबाई अटारी कंपनीत होत्या. तिथले अध्यक्ष त्यांना पाहून खूश झाले. चला, आता मेकअपच्या रंगसंगतीचे आणि घरसजावटीचे गेम करायला बाई मिळाली, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. ही आठवण शॉबाईंनीच सांगितली आहे.

पडद्यावर मात्र बाई बहुधा बक्षीस म्हणूनच यायची. ‘डाँकी काँग’मध्ये तिला माकडानं पळवायचं आणि नायकानं सोडवायचं. १९८६च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघतो. खेळाच्या इंग्रजी पुस्तिकेत तिला चक्क ‘तो’ म्हटलं होतं, म्हणजे धक्का चांगलाच बसला असणार. पण त्यातही मेख होती: खेळ जितक्या लवकर संपवाल, तितक्या कमी कपड्यांत ती समोर येणार. एवढी लढली, आणि शेवटी बक्षीसच ठरली!

आपल्या पुण्यात मात्र नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं ‘राजी’ नावाचा गेम केला, तो २०२० साली बाजारात आला. राजी ही कसरती करणारी पोर. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात ती त्रिशूळ घेऊन निघते. राखीचा नेहमीचा हिशेबच इथे उलटा, आणि तरीही कुठे ओढूनताणून वाटत नाही.

पण पडद्यावर राजी आली म्हणून खेळणारीची वाट सोपी होत नाही. कितीतरी ऑनलाइन खेळांत संघ असतो, शत्रू कुठे दडलाय ते बोलून सांगावं लागतं. मुलीनं माइक सुरू केला की, “अरे, मुलगी आहे!” मग कुणी नंबर मागतो, कुणी शिव्या घालतो, कुणी स्वयंपाकघरात जायला सांगतो. म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवतात किंवा मुलाचं नाव घेऊन खेळतात. मुक्यानं खेळल्यावर संघ हरणारच. मग तेच पोरगे म्हणतात, मुलींना गेम जमत नाही. ही शुद्ध लबाडी आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरातला चिरंजीव हेडफोन लावून ओरडत असेल, तर एकदा शेजारी बसा. मुलीचा आवाज आल्यावर तो काय बोलतो, ते ऐका. वावगं बोलला तर तिथल्या तिथे टोका. आणि पुढचा डाव त्याच्या बहिणीला खेळू द्या, माइक सुरू ठेवून.