बोइंग की एअरबस? बाजू घ्यावी, पण कुठपर्यंत?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, गणेशोत्सव २०२५ च्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय सुचवला होता, ‘ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी’. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? पण ठेवींचे व्याजदर आता तुम्हाला मोबाईलवर माझ्याआधी कळतात. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि सचिवांनी तो मोठ्या मनाने दिला. आज मी विमानांवर बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर विमानांवर प्रेम करणाऱ्या माणसांवर.

आपल्या सोसायटीत अशी सात-आठ मुलं तरी आहेत. संध्याकाळी गच्चीवर जातात, वरून विमान गेलं की मोबाईलवर बघून सांगतात, हे अमुक कंपनीचं, दिल्लीला चाललंय, एवढ्या उंचीवर आहे. छंद चांगला आहे. पण थोडा वेळ त्यांच्याजवळ उभे राहिलात तर कळेल की त्यांच्यात दोन पक्ष आहेत. एक बोइंगचा, एक एअरबसचा. आणि हे पक्ष निवडणुकीतल्या पक्षांपेक्षा घट्ट. तिथे माणसं निदान पक्ष बदलतात!

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. बोइंग ही अमेरिकन कंपनी, १९१६ साली सिॲटलला सुरू झालेली. एअरबस युरोपची, फ्रान्स आणि जर्मनीच्या पुढाकाराने १९७० साली उभी राहिलेली. दीडशे-दोनशे प्रवासी नेणारी विमानं आज जगात बहुतेक या दोघांचीच. ओळखायची कशी? पुढच्या वेळी विमानतळावर काचेतून नीट बघा. बोइंग ७३७ चं नाक जरा टोकदार, इंजिनाचं तोंड खालून चपटं आणि शेपटी जिथे सुरू होते तिथे एक तिरका त्रिकोण. एअरबस ए-३२० चं नाक गोलसर, इंजिनाचं तोंडही गोल.

खरा फरक वैमानिकाच्या केबिनमध्ये आहे. बोइंगमध्ये वैमानिकाच्या पुढ्यात दोन हातांनी धरायचा दांडा असतो. एअरबसमध्ये बाजूला एक छोटी काठी, मुलांच्या व्हिडिओ गेमसारखी. १९८८ साली ए-३२० प्रवासी सेवेत आलं तेव्हा वैमानिकाच्या हाताची आज्ञा संगणकामार्फत पंखांपर्यंत जाऊ लागली. वैमानिकाने विमान धोक्याच्या पलीकडे ओढलं तर संगणक ‘एवढं नाही’ म्हणतो. बोइंगवाले म्हणतात, आमच्याकडे शेवटचा शब्द माणसाचा. एअरबसवाले म्हणतात, माणूस दमतो, चुकतो, म्हणून यंत्र त्याला सांभाळून घेतं. आपल्या शास्त्रीय संगीतातल्या घराण्यांसारखं आहे हे. आणि घराण्यांसारखंच, गाणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त कट्टर! बोइंगच्या ७७७ मध्येही १९९५ पासून आज्ञा संगणकच पोचवतो, हे भांडताना कोणी सांगत नाही.

आता माझा प्रश्न. एअरलाइनने बाजू घेतली तर समजू शकतं, तिचे पैसे गुंतलेले असतात. पण बोईसरच्या अकरावीतल्या मुलाचं सिॲटलच्या कंपनीत काय गुंतलंय? तो का भांडतो?

मला बँकेतले दिवस आठवतात. ट्रॅक्टरच्या कर्जाला येणारा शेतकरी मनात कंपनी ठरवूनच यायचा. नियमाप्रमाणे आम्ही तीन कोटेशन मागायचो, त्यातली दोन नुसती फाईलला लावायला. ‘हाच का?’ विचारलं तर उत्तर यायचं, ‘साहेब, मामाकडे हाच आहे.’ ट्रॅक्टर घेतल्यावर तर विचारायलाच नको. चार लोकांसमोर त्याने कधी आपल्या ट्रॅक्टरला नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली तर कंपनीबरोबर आपली अक्कलही निघते ना! मुंबई फियाटची आणि कलकत्ता अँबेसिडरचं, तेही असंच. माझ्या वयाची मंडळी अजून यावर तावातावाने बोलतात, आणि दोन्ही गाड्या बंद होऊन वर्षं लोटली.

तर पहिलं कारण हे, की जे आधी पाहिलं, जे आपल्या घरात आलं, ते आपलं.

दुसरं कारण पोटाचं आणि हाताचं. अणुऊर्जा केंद्रात नोकरी केलेली बरीच मंडळी इथे बसली आहेत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ साली सुरू झालेल्या. तीन आणि चार नंबर आपल्या भारतीय बनावटीच्या, ५४० मेगावॉटच्या, २००५-०६ मध्ये आलेल्या. ज्याने ज्या युनिटवर आयुष्य काढलं त्याला त्याचंच युनिट प्रिय. एमआयडीसीत लेथवर काम केलेल्या माणसाला विचारा, तो आपल्या मशीनबद्दल घरच्या बैलासारखं बोलेल. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियाचं देखभाल केंद्र बोइंगने बांधून दिलं. तिथे काम करणाऱ्याला बोइंगबद्दल माया वाटली तर त्यात गैर काय?

तिसरं कारण ‘आपला माणूस’. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली बीकेसीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, आणि २०१८ साली विमाननिर्मितीसाठी आपल्या पालघर जिल्ह्यात जागा देण्याबाबत राज्य सरकारशी त्यांचा करार झाला. २०२० मध्ये धुळ्याला त्यांच्या विमानाची चाचणी झाली. त्या काळात पालघर-बोईसरमध्ये ज्यांनी विमानाचा पंखासुद्धा जवळून पाहिला नव्हता तेही छाती पुढे काढून बोलत होते. मीही बोलत होतो. हा अभिमान चांगला आहे. त्यातून चार मुलं इंजिनिअरिंगकडे वळतात.

चौथं कारण साधं आहे. माणसाला एकट्याने आवडून घ्यायला मजा येत नाही. बरोबर चार जण लागतात आणि समोर चिडवायला चार जण लागतात. समोर कोणी नसेल तर आपली बाजू ती कसली! बोइंग नसेल तर मी जाणार नाही, अशा अर्थाची घोषणा अमेरिकेत लोक शर्टावर छापून मिरवायचे.

आता ज्यांचे पैसे गुंतलेत ते काय करतात बघा. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते ब्रिटिश डी हॅविलँडच्या पस मॉथमधून. (अहमदाबादहून जुहूला येताना ते आपल्याच किनाऱ्याच्या बाजूने आले असणार, असं मला नेहमी वाटतं.) १९४८ साली एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला गेलं ते लॉकहीडचं. १९६० साली बोइंग ७०७ आलं. ज्या वेळी ज्याचं विमान कामाला योग्य, ते घेतलं. लॉकहीडने पुढे प्रवासी विमानं बनवणंच सोडलं. डग्लस कंपनी आधी मॅक्डोनेलमध्ये आणि १९९७ साली बोइंगमध्ये विलीन झाली. त्यांचेही कट्टर भक्त होते. त्यांनी आता कोणाची बाजू घ्यायची?

२००५-०६ च्या सुमारास एअर इंडियाने ६८ बोइंग मागवली आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस. पुढे २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र झाल्या आणि दोन्ही तऱ्हेची विमानं एका घरात नांदू लागली. २०२३ साली टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्यात २५० एअरबस आणि २२० बोइंग. त्याच वर्षी इंडिगोने ५०० विमानं मागवली, सगळी एअरबस. कारण त्यांचे वैमानिक, मेकॅनिक, सुटे भाग बहुतेक त्याच जातीच्या विमानांचे. एकाने दोघांना धरलं, दुसऱ्याने एकाला. दोन्हीकडे किंमत, विमान मिळण्याची तारीख, प्रशिक्षणाचा खर्च आणि दुरुस्ती हाच हिशोब. कर्जाच्या फाईलमध्ये मी जे बघायचो तेच.

आणखी एक गंमत. नव्या ७३७ मॅक्सचं इंजिन आणि नव्या ए-३२० साठी मिळणाऱ्या दोन इंजिनांपैकी एक, दोन्ही एकाच कंपनीची. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने आणि फ्रान्सच्या साफ्राँने मिळून काढलेली कंपनी आहे ती. आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ए-३२० चे दरवाजे बनवले आणि बोइंगसाठीही बनवले. गच्चीवर भांडणाऱ्या दोघांचे नातेवाईक असे एकाच पंगतीत जेवतात.

इथपर्यंत सगळी गंमत. आता जे सांगायला मी उभा राहिलो ते सांगतो.

१२ जूनला अहमदाबादला अपघात झाला. लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर लगेच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानात २४२ माणसं होती, त्यातला एक वाचला. जमिनीवरचे धरून २६० जीव गेले. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे हात जोडलेले असतानाच मुलांच्या ग्रुपवर दुसरंच सुरू झालं. एक म्हणाला, बघा तुमचं बोइंग. दुसरा म्हणाला, विमानाला काही झालेलं नाही, वैमानिकाचीच चूक. तेव्हा मृतांची ओळखही पटायची होती. ए विंग आणि सी विंगमधले दोन चांगले मित्र त्या दिवसापासून बोलत नव्हते. त्यांचा तो संवाद मी वाचला आणि मला वाईट वाटलं ते याचं, की दोघांपैकी एकाच्याही मनात ‘काय झालं असेल?’ हा प्रश्न नव्हता. दोघांकडे उत्तर आधीच तयार होतं.

मुलांनो, तुम्हाला दोन जुने अपघात सांगतो.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं ए-३२० बंगळुरूला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. विमान नवं कोरं होतं आणि त्या विमानांच्या खरेदीवरून देशात आधीच वाद होता. लोक म्हणाले, या संगणकाच्या विमानानेच घात केला. सरकारने बाकीची ए-३२० कित्येक महिने जमिनीवर ठेवली. चौकशी झाली तेव्हा मुख्य कारण निघालं ते वैमानिकांकडून झालेली चूक. विमान त्या वेळी कोणत्या स्थितीत उतरतंय हे त्यांच्या वेळेत लक्षात आलं नव्हतं.

आता दुसरा. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ गेले. तेव्हा बऱ्याच जणांनी बोट दाखवलं ते तिथल्या वैमानिकांकडे आणि देखभालीकडे. पुढे १० मार्च २०१९ ला इथिओपियात तेच विमान तसंच पडलं, १५७ गेले. मग जगाचे डोळे उघडले. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा होती. ती एकाच सेन्सरवर विसंबून होती आणि वैमानिकांना तिची नीट माहितीच दिलेली नव्हती. इंडोनेशियाच्या तपासात देखभालीच्या आणि वैमानिकांच्याही उणिवा नोंदल्या गेल्या, पण आराखड्यातला दोष लपला नाही. हे विमान अमेरिकेत वीस महिने जमिनीवर राहिलं.

बघा, १९९० मध्ये लोकांनी यंत्राला दोष दिला आणि चौकशीत मुख्य चूक माणसाची निघाली. २०१८ मध्ये माणसांना दोष दिला आणि यंत्रातला दोष पुढे आला. बाजू घेऊन बसलेला माणूस एकदा बरोबर ठरला असता आणि एकदा चूक, आणि दोन्ही वेळा न तपासता. पहिल्या मॅक्सनंतर आणि दुसऱ्याच्या आधी चार महिने होते. त्या चार महिन्यांत ‘आपलं विमान चांगलंच आहे’ हा विश्वास जरा कमी असता, तर १५७ माणसं कदाचित आज असती.

अहमदाबादचा प्राथमिक अहवाल जुलैत आला आहे, तपास चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत माझं मत शून्य. तुमचंही असू द्या. विमानात बसणाऱ्याचा पक्ष एकच, काय झालं ते कळलं पाहिजे आणि पुन्हा होता कामा नये.

आता मोठ्यांसाठी दोन शब्द, कारण मुलं बाजू घ्यायला आपल्याकडूनच शिकतात. इमारतीला पंचवीस वर्षं झाली, लिफ्ट बदलायच्या आहेत. मागच्या सर्वसाधारण सभेत दोन कंपन्यांच्या नावाने दोन गट पडले. एक म्हणतो माझ्या मेहुण्याच्या सोसायटीत हीच आहे, दुसरा म्हणतो ती कंपनी नकोच. मामाचा ट्रॅक्टरच झाला की हा! मी सभेत विचारलं होतं ते पुन्हा विचारतो. बिघाड झाला तर माणूस किती तासांत येणार आणि कुठून येणार? सुटे भाग किती वर्षं मिळणार? वार्षिक देखभालीच्या करारात काय आहे आणि काय नाही? वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणार का? सरकारी लिफ्ट निरीक्षकाकडून तपासणी आणि परवान्याची जबाबदारी कोणाची? या पाच प्रश्नांची उत्तरं दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या, शेजारी शेजारी ठेवा, नोटीस बोर्डावर लावा. मग खुशाल मतदान करा. त्या लिफ्टमधून आपलीच नातवंडं खाली-वर करणार आहेत.

मुलांनो, तुमचा छंद सोडू नका. बोइंग आवडो, एअरबस आवडो, चिडवाचिडवी करा. एक वही घाला, रोज गच्चीवरून दिसलेलं विमान, वेळ, दिशा लिहा. आणि ज्या कंपनीवर प्रेम आहे तिच्या विमानाच्या अपघाताचा अहवाल आधी वाचा, दुसऱ्या कंपनीचा नंतर. उद्या तुमच्यातलाच एखादा वैमानिक होईल, एखादी मुलगी विमानाची इंजिनिअर होईल. तेव्हा हीच सवय कामाला येईल.

ए विंग आणि सी विंगचे ते दोघे आज आरतीला एका टाळेच्या जोडीवर भांडताना मला दिसले. म्हणजे बोलणं सुरू झालंय. गणपती पावला!