कंद जागा झाला का, ते आधी पाहा



पाऊस उघडला, जमीन वाफशावर आली, की फुलांचे कंद लावायचा विचार मनात येतो. गोराई, मनोरीकडे किंवा आरेच्या पाड्यांवर ज्यांच्याकडे एखाद-दोन गुंठे उंचवट्याची जमीन आणि विहिरीचं गोडं पाणी आहे, त्यांच्यासाठी आजच्या या चार गोष्टी.

पहिली गोष्ट, आता कोणता कंद लावायचा? निशिगंध एप्रिल-मे महिन्यात लावावा, लिली पावसाच्या तोंडावर. चित्रातलं ट्युलिप पाहून भुलू नका. त्याला कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या हवेला जमतो तो ग्लॅडिओलस. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश, फुले प्रेरणा या जाती चांगल्या आहेत.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुरण काढल्या काढल्या लावला तर उगवत नाही, हे आपल्याला घरच्या अनुभवानं ठाऊक आहे. ग्लॅडिओलसचंही तसंच. काढल्यावर कंद सुमारे तीन महिने झोपलेला असतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्यानं घाटावरच्या पावसाळी पिकाचे नुकतेच काढलेले कंद स्वस्तात आणून मला दाखवले. कंद मोठे, ताजे, टणक. मी म्हटलं, लावा. दोन महिने वाफे ओसाड राहिले. कोंब आले तेव्हा थंडी सरत आली होती, आणि मार्चच्या उन्हात दांडे आखूड निघाले. बियाण्याचा पैसाही सुटला नाही. चूक माझी होती. मी कंदाचा आकार पाहिला, त्याची झोप पाहिली नाही.

म्हणून कंद घेताना विचारा, काढून किती महिने झाले? शीतगृहात ठेवले होते का? मग हातात घेऊन पाहा. वर कोंबाचं टोक फुगलेलं हवं, बुडाशी मुळांचे बारीक फुगवटे दिसायला हवेत. कंद सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर जाडीचा, दाबल्यावर टणक असावा. मऊ किंवा बुरसलेला एकही कंद घेऊ नका.

तिसरी गोष्ट लागवडीची. भाताच्या ओल्या खाचरात घाई करू नका, कंद कुजतो. खाडीकडची खारट जमीनही नको. दिवसभर ऊन मिळेल अशा जागी गुंठ्याला १०० किलो कुजलेलं शेणखत मिसळून गादीवाफे करा. रबरी हातमोजे घालून कंद कॅप्टनच्या द्रावणात, लिटरला ३ ग्रॅम या मापानं, २० मिनिटं बुडवा आणि सावलीत सुकवा. दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर ठेवून ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावा. पाटाची जागा सोडून गुंठ्यात साधारण १५०० कंद बसतात.

पण सगळे एकदम लावू नका. दर पंधरा दिवसांनी ५०० असे तीन हप्ते करा, म्हणजे फुलं एकाच वेळी येऊन भाव पडणार नाही. जातीप्रमाणे ६० ते ९० दिवसांत दांडे येतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली लागवड बहुतेक जातींत नाताळच्या सुमारास हाती येते. नत्र खत माती परीक्षणाप्रमाणे दोन, चार आणि सहा पानांवर असं तीन वेळा द्या. चार पानांवर मातीची भर लावा, नाहीतर दांडा कलंडतो.

चौथी गोष्ट काढणीची. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की सकाळी लवकर दांडा कापा. झाडावर चार पानं ठेवाच, त्यांच्यावरच नवा कंद पोसतो. दांडे लगेच पाण्याच्या बादलीत उभे ठेवा. आडवे राहिले तर शेंडे वर वळतात आणि माल दुय्यम ठरतो. बोरिवलीहून पहाटेच्या लोकलनं लगेज डब्यातून दादरच्या फुलबाजारात नेतानाही जुड्या उभ्याच न्या.

फुलं संपली म्हणून पीक सोडून देऊ नका. सहा ते आठ आठवड्यांनी पानं पिवळी पडली की पाणी तोडा, कंद काढा, सावलीत सुकवा, खालचा जुना सुरकुतलेला कंद मोडून टाका. आपल्या पावसाळी दमट हवेत घरात ठेवलेले कंद बुरसतात. तेव्हा चार-पाच जणांनी मिळून पावसाळ्यापुरती शीतगृहात जागा घ्यावी. पुढच्या वर्षी बियाण्याचा मोठा खर्च वाचेल.

यंदा एकच गुंठा करून पाहा. आणि कंद स्वस्त मिळतोय म्हणून पिशवी उचलण्याआधी तो जागा आहे की झोपलेला, एवढं नक्की पाहा.