न आलेल्या रुग्णाची नोंद

(वार्षिक सभेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



लहान सेवाभावी संस्थांना परवडेल अशा संगणकीय नोंदव्यवस्थेविषयी बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी रुग्णच आहे.

मी एका लहान संस्थेत काम करीत असताना अपस्माराच्या एका मुलाला आम्ही दरमहा विनामूल्य औषध देत असू. सलग दोन महिने तो आला नाही. औषध खंडित झाले, झटके पुन्हा सुरू झाले आणि तेव्हा कुठे ही गोष्ट आमच्या ध्यानात आली. आमच्या वह्या चोख होत्या. परंतु वहीत आलेल्यांचीच नावे चढतात. न आलेला शोधायचा कसा?

डेटाबेसचे सामर्थ्य येथेच आहे. रुग्णाची माहिती एका तक्त्यात, भेटी दुसऱ्यात, दिलेली मदत तिसऱ्यात. तिन्हींना जोडणारा दुवा म्हणजे रुग्णाचा क्रमांक. मग 'गेल्या चाळीस दिवसांत कोण आले नाही?' असे विचारताच यादी समोर येते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. लिबरऑफिसमधील 'बेस' विनामूल्य असून साध्या संगणकावर चालते. देणगीदार व सभासदांच्या नोंदींसाठी २००५ साली आलेली 'सिव्हीसीआरएम' ही मुक्तस्रोत प्रणालीही विनामूल्य आहे. मात्र सर्व्हरचे भाडे आणि जाणकाराचा वेळ यांची तरतूद करावी लागते. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करसवलतीच्या देणग्यांचे देणगीदारनिहाय विवरण प्राप्तिकर विभागाकडे भरणे आवश्यक झाले. तेव्हापासून अशा नोंदींचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच भरावा. जुन्या फॉन्टमधील नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतात. नोंदींची प्रत दर आठवड्यास अन्यत्र ठेवावी. आणि आवश्यक तेवढीच माहिती घेऊन ती मोजक्याच व्यक्तींना खुली ठेवावी. रुग्णाचा आजार ही त्याची खासगी बाब आहे.

देणगीदारांना एक नम्र विनंती. यंत्रासाठी देणगी मिळते. रोज नोंदी भरणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनासाठी ती क्वचितच मिळते. संगणक न आलेल्यांची यादी देईल, परंतु त्यांच्या दारापर्यंत माणसालाच जावे लागते.